नव्याआधीचा भात

“मावशी, जेवायला काहीतरी असेल ना?” दक्षाने तिसऱ्यांदा विचारलं आणि सोनूबाईने तिसऱ्यांदा मान खाली घातली.

“काय नाय, बाई. कॅन्टीन बंद हाय.”

तिच्या डोक्यावरच बोर्ड होता : घरगुती जेवण, सकाळ-दुपार-संध्याकाळ. बोर्डाला काय, त्याला थोडंच पोट असतं! गंजाडच्या पुढे तळ्याकाठी बारा तंबू, तंबूत गाद्या, गाद्यांवर पांढऱ्या चादरी. मोबाइलला रेंजसुद्धा मस्त. जेवण तेवढं नाही. शेठ राहायचा वापीला. त्याच्या मनात आलं तर रेशनचा टेम्पो यायचा, नाही आलं तर नाही. टेम्पो नाही त्या दिवशी चूल नाही आणि चूल नाही त्या दिवशी सोनूबाईची रोजी नाही. या आठवड्यात चार दिवस तिने नुसता ओटा पुसला होता.

आज सकाळी तंबूंची देखरेख करणाऱ्या नयनने तिला नीट समजावलं होतं. “सोनूबाई, तुझ्या या सवयीनेच घात होतो. कधी घरून कांदे आणतेस, कधी भाकरी आणतेस. शेठला कळणार कसं? आज राहू दे लोकांना उपाशी. चिडतील आणि फोनवर लिहितील. शेठ दुसरं काही वाचत नाही, तेवढंच वाचतो. एकदा तारे कमी झाले की बघ, टेम्पो कसा धावत येतो.”

तिला ते पटलं होतं. म्हणून ती पायरीवर हात मांडीवर घेऊन बसली होती. दगड झाली होती म्हणा ना.

दक्षा चिडली. तिचा नवरा चिडला. दोन्ही मुलं भुकेने रडकुंडीला आली. डहाणू रोडहून आणलेली रिक्षा केव्हाच परत गेली होती. नयन मनातून खूश होता. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं.

तेवढ्यात दक्षाचे सासरे खुर्चीतच एका बाजूला कलले. कपाळावर घाम, हात थरथरत होते.

“पप्पांनी सुई टोचून घेतली!” दक्षा ओरडली. “इन्सुलिनची! बोर्ड वाचून म्हणाले, जेवण आहेच समोर!”

सोनूबाई उठली ती बांधावरून धावतच सुटली. तिचं घर हाकेच्या अंतरावर होतं. तिने गुळाचा खडा आणला आणि म्हाताऱ्याच्या तोंडात घातला. हळूहळू ते भानावर आले.

“आता पोटात काहीतरी जायला हवं त्यांच्या,” दक्षा म्हणाली. तिला रडूच फुटलं.

नयनने सोनूबाईकडे पाहिलं. सोनूबाईने नयनकडे पाहिलंच नाही.

घरात जुना तांदूळ संपून आठ दिवस झाले होते. ती आणि तिचा नवरा तुक्या नागलीच्या आंबिलीवर होती. होता तो नवा तांदूळ, दोनच पायली. बाकीचं भात यंदा पाण्यात आडवं होऊन कुजलं. वरच्या तुकड्यातलं तेवढं हाती लागलं, ते तिने कांडून ठेवलं होतं. सोमवारी पाड्यावर नवं होतं, नव्या पिकाचा सण. त्या दिवशी नवा भात आधी देवांना दाखवायचा आणि मग घरच्यांनी खायचा. त्याआधी दाणा तोंडात घालायचा नाही, कुणीच नाही.

“अगं, नवं नाय झालं अजून!” तुक्याने तिचा हात धरला.

“त्यांना कुठं नवं असतं? देवाला मी सांगते काय सांगायचं ते.”

तिने पाच माणसांचा भात रांधला. सुकटीची चटणी केली. मीठ बरोबर आहे का तेही चाखून पाहिलं नाही, “नवा तांदूळ हाय” म्हणत तसाच वाढला. म्हातारा दोनदा मागून जेवला. “आमच्या लेकीच्या, भाविनीच्या लग्नात पण असा भात खाल्ला नव्हता,” असं म्हणून हसला. सोनूबाईला इतकं बरं वाटलं की ती नयनला, ताऱ्यांना, टेम्पोला, सगळ्यांना विसरली.

पण दक्षा विसरली नाही. तिने तिथेच फोन काढून लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, “पाच तारे. कॅन्टीनबद्दल नको नको ते ऐकलं होतं, सगळं खोटं. मागाल तेव्हा गरम जेवण. नव्या तांदळाचा भात चुकवू नका!”

नयनने कपाळावर हात मारला.

“बाई,” सोनूबाई घाबरून म्हणाली, “ते पुसा ना. वाईट लिहा.”

“वाईट लिहू? आणि तुमच्या पोटावर पाय देऊ? इतकी दुष्ट वाटले का मी तुम्हाला?” दक्षाने तिचे दोन्ही हात प्रेमाने हातात घेतले.

शनिवारी सकाळी शेठचा फोन आला. इतका गोड आवाज सोनूबाईने त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता.

“सोनूबाई, कमाल केलीस! टेम्पोशिवाय चालतं हे आधी नाही का सांगायचं? उद्या रविवारी चाळीस माणसं येतायत. सगळ्यांना तोच भात हवाय.”

“शेठ, तांदूळ...”

“जमत नसेल तर तसं सांग. पाड्यावर बाया खूप आहेत.”

“जमंल,” ती म्हणाली.

तुक्या दारात उभा होता. “काय म्हणतो शेठ?”

सोनूबाईने तांदळाच्या मडक्यात हात घातला. पाच माणसं जेवल्यावर जेवढं उरलं होतं, तेवढं हाताला लागलं.

“नवं सोमवारी नाय, उद्याच हाय,” ती म्हणाली. “चाळीस पानांचं.”

“आणि देव?”

“देवांना आंबील.”