तिघींच्या साठ पोळ्या

“एक बाई साठ पोळ्या एका तासात करते, तर तीन बायका तेवढ्याच पोळ्या किती वेळात करतील?” चौथीतल्या मृण्मयीने उदाहरण वाचलं.

“तिघी जावा आहेत का?” कणीक मळता मळता आईने विचारलं.

“पुस्तकात दिलं नाहीये.”

“जावाच असणार. लिही, दोन तास! थोरली म्हणणार कणीक सैल झालीय, मधली म्हणणार घट्ट आहे, आणि दोघींचं ऐकून ती पुन्हा मळायची धाकटीने!”

मृण्मयीने कारणासकट सगळं वहीत उतरवलं.

दुसऱ्या दिवशी वही तपासून आली. उत्तरावर भली मोठी लाल फुली.

“चुकलं कुठे?” आईने वही हिसकावली.

फुलीखाली वर्गाच्या बाईंनी लिहिलं होतं, “सासूबाई धरायच्या राहिल्या. बरोबर उत्तर, तीन तास.”