साहेबाच्या भिंतीसाठी पुस्तकं

"ही सगळी इथल्याच भाषेतली ना?" ग्रॅहमने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कपाटाला टेप लावला.

दिल्लीत आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये तो बूट घालूनच शिरला होता. आशियात इतकी वर्षं काढल्यावर बूट कुठे काढायचे ते आपल्याला कळतं, असं त्याचं मत होतं. देवळात काढायचे, कारकुनाच्या घरी नाही. गुरुग्रामच्या त्याच्या फ्लॅटमध्ये हनोईचे मुखवटे होते, रंगूनची पेटी होती, बाथरूममध्ये टॉवेलांच्या शेजारी बुद्धाचं डोकं होतं. एक भिंत तेवढी रिकामी राहिली होती. तिच्यासाठी त्याला पुस्तकं हवी होती. खरी, वापरलेली, पूर्वेकडची. दर रविवारी तो मायदेशी मित्रांना हिंदी लोकांविषयी लांबलचक पत्र पाठवायचा. त्यात आजवर कोणी चूक काढली नव्हती. ज्यांच्याविषयी लिहायचा त्यांना ते पत्र जात नसे.

उन्नती त्याच्या ऑफिसात होती. तिचे वडील, बाबुराव, नोकरीत असतानाच गेले. आता क्वार्टर सोडायची मुदत संपत आली होती आणि तिच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आई मावेल, वडिलांची पुस्तकं मावतील की नाही याची शंका होती. त्यातच साहेबांनी पुस्तकांचा विषय काढला. "आमच्याकडे आहेत सर, सगळी घेऊन जा," ती बोलून गेली. तिला नोकरीत कायम करायचा कागद साहेबाच्याच टेबलावर होता. घरी आल्यावर हे सांगितलं तेव्हापासून आई, कमलाबाई, तिच्याशी कामापुरतंच बोलत होती.

ग्रॅहम भिंतीवरच्या तसबिरीपाशी थांबला. निळा सूट, चष्मा, हातात पुस्तक.

"तुझे आजोबा?"

"काय विचारतो?" कमलाबाईंनी विचारलं.

"आजोबा का, म्हणतो."

"हो म्हण. कुठे समजावत बसतेस."

"हो सर," उन्नती म्हणाली. "सगळ्यांचेच."

ग्रॅहमने मान डोलावली. पूर्वजपूजेवर त्याचं एक अख्खं पत्र होतं.

मग त्याने खालच्या खणातून एक पुस्तिका उचलली. पातळ, पिवळ्या कागदाची, मधोमध दोन पिना मारलेली. तसल्या पुस्तिकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे कपाटभर होते.

"बाबा दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे," उन्नती म्हणाली. "तिथून पिशव्या भरून आणायचे. लाखो लोक येतात, आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात."

लहान मुलाने वाघ पाहिल्याचं सांगावं आणि मोठ्याने ऐकून घ्यावं, तसं ग्रॅहमने ऐकून घेतलं. हिंदी लोक पुस्तकं पूजतात, वाचत नाहीत, हे तो पूर्वीच लिहून बसला होता.

"पण यांना पाठच नाही," तो म्हणाला. "भिंतीवर काय दिसणार, पिना?" त्याने पानं उलटली. समासात निळ्या शाईत बाबुरावांचं बारीक अक्षर होतं. "आणि कुणीतरी खराब करून ठेवलीत."

त्याची नजर वरच्या खणाकडे गेली. लाल कापडी बांधणीचे जाडजूड ग्रंथ, पाठीवर सोनेरी देवनागरी.

"हे काय आहे?"

बाबुराव मंत्रालयाच्या हिंदी विभागात अनुवादक होते. नवी आवृत्ती आल्यावर ऑफिसने टाकून दिलेले सेवा-नियमांचे ते खंड होते. घरात कुणी त्यांना हात लावत नसे.

"वडिलांची आहेत. जुनी," उन्नती म्हणाली. खोटं त्यात काही नव्हतं.

ग्रॅहमने टेप लावला. नेमकी भिंतीएवढी भरली. तो इतका खूश झाला की त्याला उपकार करावेसे वाटले. खालचे गठ्ठे माझा ड्रायव्हर घेऊन जाईल, तो म्हणाला, तुम्हाला तेवढाच त्रास कमी, सरळ रद्दी. त्याला मोजकेच हिंदी शब्द येत. त्यातला हा अगदी स्वच्छ होता.

कमलाबाईंना दुभाषी लागला नाही. "नाही म्हण त्याला."

"आई, पुढच्या आठवड्यात सही आहे."

"नागपूरहून येताना तुझ्या बापाने गाडीत बर्थखाली आपल्या चपलांनाही जागा ठेवली नाही कधी, ही पुस्तकं ठेवली."

"मला माहीत नाही का? पण आता कसं म्हणू?"

बायका भाव ठरवताहेत, हे ग्रॅहमने बरोब्बर ओळखलं आणि पाकिटाच्या खिशावर हात ठेवला. ड्रायव्हरला फोन करून झाल्यावर तो दिवाणावर बसला. एक लाल खंड त्याने उन्नतीच्या हातात दिला.

"तो वर येईपर्यंत एखादं पान वाच. अर्थ सांगू नकोस, अर्थाने मजा जाते."

उन्नतीने उघडेल ते पान उघडलं. ओळीवर बोट ठेवलं. मग वाचू लागली.

"कर्मचारी की मृत्यु हो जाने पर उसका परिवार, निर्धारित अवधि के पश्चात, सरकारी आवास खाली कर देगा..."

ग्रॅहमचे डोळे मिटले होते. मान ठेक्यात हलत होती. "किती जुनं असेल हे," तो पुटपुटला. "थांबू नकोस."

कमलाबाईंनी त्याच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिलं. एक गठ्ठा उचलला, पोटाशी धरला आणि अनवाणी पावलांनी आतल्या खोलीत नेऊन ठेवला. परत येऊन दुसरा उचलला.

"तेच वाच पुन्हा," त्या म्हणाल्या. "जरा सावकाश वाच. अजून पुष्कळ आहेत."

"काय म्हणते आई?" ग्रॅहमने डोळे न उघडता विचारलं.

"तिलाही पुन्हा ऐकायचंय, म्हणते," उन्नती म्हणाली, आणि तिने आवाज चढवला.