आखूड घडी

भावाला डावीकडून एका माणसाचा आवाज ऐकू येतो. औषधं घेऊनही तो गेलेला नाही. मेंदूच्या स्कॅनवर डॉक्टरांनी एक घडी दाखवली होती, जन्मापासूनच आखूड; असे आवाज ऐकू येणाऱ्यांत ती बरेचदा तशी असते म्हणाले. तेव्हापासून माझ्या नऊ महिन्यांच्या मुलीच्या टाळूवरून हात फिरवताना मी थबकते.

आज तिच्या कानांची तपासणी होती. ती माझ्या मांडीवर, मामा उजवीकडच्या खुर्चीत. काचेपलीकडच्या बाई आवाज सोडायच्या आणि पिल्लू बरोबर त्या बाजूला वळायचं.

"नाक अगदी मामाचं घेतलंय हो," बाई माइकवरून म्हणाल्या. "आता मी काहीच वाजवत नाही. उगीच वळते का बघू."

पिल्लू डावीकडे वळलं. तिथे नुसती भिंत होती. मग पुन्हा वळलं, आणि कुणीतरी गंमत सांगितल्यासारखं खुदकन हसलं.

भाऊ तिकडे बघत असणार, त्याचं पाहूनच ती वळत असणार, अशी मी मनाची समजूत घातली आणि त्याच्याकडे पाहिलं.

तो खाली मान घालून बसला होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "सकाळपासून तो माझ्याशी बोललाच नाहीये गं."