नऊनंतर नोंद नाही

चौदा ऑगस्टपासूनचे आकडे खोटे होते. रेणुकानं तिसऱ्यांदा तपासलं आणि खुर्ची मागे सरकवली. एरवी असे आकडे सापडले की तिला चोर पकडल्याचा आनंद व्हायचा. आज झाला नाही. रजिस्टरवर निरीक्षक म्हणून सही होती भिवाजी सोनकांबळे यांची, आणि ते तिचे वडील होते.

युक्ती तशी साधी. नदीची पातळी खरोखर मोजली, तर शेवटचा आकडा शून्यापासून नवापर्यंत कुठलाही येतो आणि वर्षाकाठी सगळे साधारण सारखेच भरतात. घरी बसून लिहिणारा माणूस शून्य आणि पाच टाळतो, नकळत तीन आणि सात लिहीत सुटतो. ही चाळणी तिनं आधी एका दवाखान्यातल्या रक्तदाबाच्या नोंदींना लावली होती, मग ज्वारीच्या उताऱ्याला. रक्त असो, ज्वारी असो की नदी, थाप मारणारं मन सगळीकडे एकच. आकडे फार शहाण्यासारखे वागायला लागले की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

आता ती मुसी नदीच्या पुराचं मॉडेल बांधत होती. नदी किती चढली की काठच्या कुठल्या वस्तीत किती वेळात पाणी शिरेल, ते सांगणारं. त्यासाठी शहराच्या वरच्या अंगाला, पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीच्या जुन्या नोंदी लागत होत्या. बाबांनी ती पट्टी सोळा वर्षं सांभाळली होती. पहिली दहा वर्षं सोन्यासारखी. त्यातही शेवटची, दहाव्या वर्षीच्या तेरा ऑगस्टची ती पुराची सकाळ! सहा, सात, आठ, नऊ, दर तासाची नोंद. नऊनंतर नोंद नाही. सगळं मॉडेल त्या चार आकड्यांवर उभं होतं.

त्याच तेरा ऑगस्टला तिची आई, मालनबाई, वाहून गेली होती. रेणुका तेव्हा तिसरीत, शाळेसाठी काचीगुड्याला मावशीकडे राहायची. पुरात वाहत आलेली लाकडं काढायला गेली आणि पाय घसरला, असं सगळे म्हणाले. लाकडाच्या लोभानं मेली, असंही म्हणाले. दोन ढलप्यांसाठी आपल्याला टाकून गेलेल्या आईचा राग रेणुकानं इतकी वर्षं मनात धरला होता.

बाबांचं मात्र तिला कळलं. ज्या पाण्यानं बायको नेली त्याच्याकडे रोज कोण बघेल? बसले असतील घरात, लिहिले असतील आकडे. तिला भरून आलं. पद्मावती मॅडमना, म्हणजे तिच्या साहेबांना, कामाच्या बाबतीत भरून वगैरे येत नसे.

"ती सहा वर्षं काढून टाक," त्या म्हणाल्या. "का काढली तेही लिही आणि निरीक्षकाचं नावही. नियम आहे."

पंचवीस वर्षं झाकलेली मूठ उघडायची पाळी मुलीवर आली.

बाबा आता काचीगुड्यालाच राहत. दुपारी ती तिथे गेली, तर ते वाटच बघत होते. आपले आकडे कॉम्प्युटरात गेलेत, हे त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. समोरचे मुकुंदराव त्यांना चेष्टेनं सायंटिस्ट म्हणत, आणि ते खुशाल ओ देत. त्या खुशीवर आता पाणी ओतायचं होतं. रेणुकानं चहा होऊ दिला.

"बाबा, आई गेल्यावर तुम्ही पट्टी बघायला गेलाच नाहीत ना?"

भिवाजींनी बशी खाली ठेवली. "नाही."

"असू द्या. त्या पाण्याकडं तुम्हाला बघवलं नसेल. मी रिपोर्टात सांभाळून लिहिते. आणि आधीची दहा वर्षं आहेत की! मॅडम म्हणाल्या, एवढं चोख काम कुठं बघितलं नाही. ते तर तुमचंच आहे."

"तेबी माझं नाही."

रेणुका हसली. तिला वाटलं, म्हातारे लाजताहेत.

"मी पहाटंच अफझलगंजला जायचो, गोदामावर," ते म्हणाले. "दुसरी नोकरी. साहेबाला ठाऊक नव्हतं. पट्टी तुझी माय बघायची. रोज. पाणी चढलं की तासातासाला. अक्षरं येत नव्हती तिला, आकडे येत होते. किती वाजले आन् पाणी किती, भिंतीवर खडूनं लिहून ठेवायची, मी आलो की रजिस्टरात उतरवायचो. ती गेल्यावर बघायला होतंच कोण?"

"आणि लाकडं?"

"लाकडाचं मीच सांगितलं लोकायला. खरं सांगितलं असतं तर दोन्ही नोकऱ्या गेल्या असत्या, तुझी शाळा सुटली असती. लोक तिला नाही नाही ते बोलले. हौ, मी ऐकून घेतलं."

तिला त्यांचा संताप आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. आईच्या नावानं ती स्वतः काय काय बोलली होती, ते एकेक आठवायला लागलं. तोंडातून मात्र कामाचाच प्रश्न निघाला.

"त्या दिवशीचे आकडे?"

"तिला माती देऊन घरी आलो तर भिंतीवर होते. उतरवून घेतले आन् भिंत पुसली."

"चारच होते?"

"चारच." भिवाजी म्हणाले, "खाली दहा वाजल्याचा दहा लिहून ठेवला होता. पुढची जागा मोकळी. परत येऊन लिहिणार होती."