बियाण्याच्या कण्या

गुरम्मानं स्टूल चुलीजवळ ओढलं, वर चढली आणि आढ्याला टांगलेली मक्याची कणसं खाली काढली. धुरानं ती काळपटली होती. पाला मागे ओढून, त्याची वेणी घालून तिच्या नवऱ्यानं, मडिवाळप्पांनीच ती दिवाळीच्या सुमारास वर बांधली होती. परसातल्या पांढऱ्या मक्याचं बी. घरात त्या मक्याचा दुसरा दाणा उरला नव्हता.

"अव्वा, हे बी हाय," अंजू म्हणाली. बापाला दवाखान्यातून घरी आणल्याचं कळल्यावर ती नांदेडहून आली होती.

"म्हाईत हाय मला."

"मग?"

"मग तुझे आप्पा दुसरं काय खाऊन राहिलेत, ते सांग."

आता घरीच ठेवा, मागतील ते द्या, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण मडिवाळप्पा काही मागतच नव्हते. अंजूनं आणलेलं स्वीट कॉर्न उकडून, चेचून दिलं, तर त्यांनी ते जिभेनं बाहेर ढकललं. "ह्यो मका न्हाई, साखर हाय," एवढंच म्हणाले. आज सकाळी मात्र आपणहून म्हणाले होते, "ताकातल्या कण्या कर. आपल्या मक्याच्या."

अंजू गावात चार घरं फिरून आली. सगळ्यांकडे कोंबडीखाद्याला जाणारा पिवळा मका होता, पिशवीतल्या बियाण्याचा. नागम्माकडे पांढरा असायचा, पण ती गेल्यावर तिच्या सुनेनं परसात फरशी घातली होती.

गुरम्मा कणसं सोलायला बसली. पहिल्याच कणसातून पीठ गळलं. दुसरंही किड्यानं पोखरलेलं. धड दाणे निवडून सुपात टाकले, तर सगळे मिळून जेमतेम ओंजळभर भरले.

"ह्यातले थोडे तरी बाजूला ठेव," अंजू म्हणाली.

"थोड्यानं काय व्हतंय? चार ताटं लावली की कणीस बोळकं राहतं, दाणा भरत न्हाई. त्यांचंच म्हणणं हाय हे." गुरम्मानं सूप हलवलं. "आन् लावणार कोण? मी तर नुसतं दळलं जल्मभर."

तिनं जात्यात दाणे टाकले आणि खुंटा धरला. अंजू समोर बसली, तिनंही हात लावला. भरड पडायला वेळ लागला नाही.

पत्र्याखाली वैशाखातली दुपार तापली होती. कण्या शिजल्या, ताक पडलं, ठेचलेला लसूण पडला. अंजूनं बोटावर घेऊन चाखलं. तीच चव होती. ती तोंड फिरवून उभी राहिली.

खाटेवर मडिवाळप्पांना दोघींनी धरून बसवलं. गुरम्मानं फुंकर घालून पहिला चमचा दिला. त्यांनी तो घास बराच वेळ तोंडात धरला. मग गिळला. दुसरा गिळला. तिसऱ्याला हात आडवा केला.

"बाजारचा हाय," ते म्हणाले.

गुरम्माचा चमचा तसाच राहिला.

"आप्पा, ह्यो तर..." अंजूनं सुरुवात केली. गुरम्मानं तिच्याकडे पाहिलं, तशी ती थांबली.

"हाव," गुरम्मा म्हणाली. "बाजारचाच हाय. उदगीरहून मागवला."

"मला वाटलंच. चवच न्हाई." ते उशीला टेकले. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. "बी फोडलं न्हाईस ना?"

"न्हाई."

"हाय वर?"

"हाय की."

त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. "लई बरं केलंस. म्हणलं, माझ्यापायी फोडतीस का काय."

अंजू वाटी उचलून आत गेली. कितीतरी दिवसांत ते एवढं बोलले नव्हते. गुरम्मा खाटेच्या काठावर बसून राहिली.

"औंदा न्हाणीच्या कडंला लाव," ते म्हणाले. श्वास पुरत नव्हता, म्हणून मध्येमध्ये थांबत होते. "पाणी आपसूक मिळतंय तिथं. एका वळीत लावू नको. चौकोनात लाव. वाऱ्यानं तुऱ्याची भुकटी कणसाच्या केसांवर पडाय पायजे."

"हाव."

"शेजारी मल्लेशचा मका गुडघ्याला आला, की मग आपला टाक. दोन्ही संगंच फुलले तर आपला बाटतोय."

"हाव."

"एका जागी दोन दाणे टाक. एक पाखरानं नेला तर एक राहतोय." ते दमले. गुरम्मानं त्यांच्या ओठांना ओला कपडा लावला. "अंजूलाबी दे मूठभर."

"देते."

"तुझ्या ध्यानात न्हाई राहायचं. सांगून दाव बरं."

गुरम्मानं पदर सावरला आणि शाळेतल्या पोरीसारखं सांगू लागली. "न्हाणीच्या कडंला. चौकोनात. एका जागी दोन दाणे."

"आन् मल्लेशच्या आधी का मागनं?"

ती क्षणभर अडखळली. "मागनं."

"किती मागनं?"

"त्याचा गुडघ्याला आला की."

मडिवाळप्पांनी मान हलवली. डोळे मिटूनच म्हणाले, "पुन्ना एकदा सांग."

गुरम्मानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.