बुटानं सोललेली टाच

वडीगोद्रीजवळच्या ओढ्यात पोलिसांची जीप उलटली आणि ती चालवणारा होमगार्ड भिवा जागीच गेला. संध्याकाळी प्रेत अंगणात आलं ते नुसत्या धोतरावर. सकाळी त्याच्या बायकोनं, गिरिजाबाईनं तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेली खाकी वर्दी अंगावर नव्हती, सरकारी बूटही नव्हते.

"ह्यांची वर्दी कुठं हाय?" तिनं विचारलं.

जमादार तिच्याकडं न बघता म्हणाला, "बाई, तो ड्यूटीवर नव्हताच. कुणाला न विचारता जीप घेऊन गेल्ता. संपतनं तसा जबाब दिलाय."

गावातला दुसरा होमगार्ड संपत वर्दीतच दाराशी उभा होता.

"फौजदारसाहेब सोता बोलवायला आल्ते," गिरिजाबाई म्हणाली. "हे म्हणले, साहेब, मला निस्तं ट्रॅक्टर येतं. साहेब म्हणले, त्यालाबी चारच चाकं असतात, चल जल्दी."

ती आंघोळ घालायला बसली. पाय धुताना तिचा हात थांबला. दोन्ही टाचा सोलून लाल झाल्या होत्या.

"ड्यूटीवर नव्हते, मंग बूट कुठं चावले?"

जमादार फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला.

तिरडी उचलायची वेळ झाली. खांदा द्यायला संपत पुढं आला आणि त्यानं खाली बसून बूट काढले. त्याच्याही टाचा तशाच सोललेल्या होत्या.

गिरिजाबाईनं तांब्यात उरलेलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं.