मार्ताचा चहा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुजाताने कुंकवाचे बोट पुढे केले आणि मध्येच आवरले. समोर राणीसाहेब होत्या. त्यांच्या राजाला क्रांतिकारकांनी साठ वर्षांपूर्वी ठार केले, हे अबुधाबीतल्या त्या बिल्डिंगमध्ये सर्वांना ठाऊक होते.

"काय झालं?" राणीसाहेबांनी विचारले.

सुजाताने अवघडून जुनी रीत सांगितली. आमच्याकडे पूर्वी विधवांना कुंकू लावत नसत; आम्ही आता ते मानत नाही, पण तुम्हाला दुखवायला नको.

"मग मला लाव," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी विधवा नाही."

त्यांच्या लेखी राजा अजून जिवंत आहे, या विचाराने सुजाताचे डोळे भरून आले. मागे उभी असलेली त्यांची जुनी मोलकरीण मार्ता मात्र आत निघून गेली.

देशोदेशी भटकून या दोघी अखेर इथल्या एका व्यापारी घराण्याच्या पाहुण्या म्हणून सुजाताच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहिल्या होत्या. लेक केया शाळेतून आली की आधी तिकडे डोकावे. "आई, शी इज अ रिअल क्वीन," ती कुजबुजे.

"मग मुकुट कुठंय?" अनिल बायकोला चिडवी.

पण राणीसाहेब पलायनाची हकीकत सांगू लागल्या की तोही खुर्ची पुढे ओढून ऐके. सरहद्दीवर सैनिकांनी गाडी अडवली. रेशमी झग्यातल्या बाईला उतरवून भिंतीशी उभे केले, बंदुका रोखल्या. टोपली घेतलेल्या मोलकरणीकडे कुणी पाहिलेही नाही. शेवटी एका अधिकाऱ्याचे मन द्रवले आणि गाडी सुटली.

"महाराणी रडल्या नाहीत," राणीसाहेब सांगत. स्वतःविषयी असे परक्यासारखे बोलण्याची राजघराण्यात रीत असावी, असे सुजाताला वाटे.

अनिलला एकच कोडे होते. इतकी वर्षे चाकरी करूनही मार्ताला धड चहा जमत नव्हता. तो कडूजार चहा हाती घेऊन राणीसाहेब मार्ता बसेपर्यंत उभ्या राहत, आणि न चुकता कौतुक करत.

"केवढं मोठं मन," सुजाता म्हणे.

मंदीचा तडाखा त्या वर्षी अबुधाबीलाही बसला. व्यापारी घराण्याचे प्रकल्प थांबले, फ्लॅट सोडण्याची वेळ आली. त्याच सुमारास मायदेशाने महाराणींना परतण्याची मुभा दिली, पण फक्त त्यांना. मार्ताची सोय सायप्रसमधल्या नन्सच्या वृद्धाश्रमात झाली.

जन्माची सोबत या वयात तुटणार, हे सुजाताला सोसवेना. तुम्ही दोघी एकत्रच राहा, तिने विनवले.

"महाराणींनी आपल्या मातीतच डोळे मिटायला हवेत," राणीसाहेब म्हणाल्या. "मी तेवढ्यासाठीच जगले."

निघायच्या सकाळी वकिलातीचा तरुण अधिकारी गाडी घेऊन आला. दारातच त्याने राणीसाहेबांना लवून अभिवादन केले. सुजाता कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. मार्ता जुना कोट घालून खुर्चीवर ताठ बसली होती.

राणीसाहेबांनी अभिवादन घेतले नाही. सुजाताच्या हाताचा आधार घेत त्या कष्टाने गुडघ्यांवर टेकल्या. मार्ताच्या बुटांच्या नाड्या त्यांनी एकेक करून बांधल्या आणि मान वर न करता अधिकाऱ्याला म्हणाल्या,

"महाराणी तयार आहेत."